रेस्पिरेटरी थेरपिस्ट होण्यासाठी शिक्षण कोठे आणि कसे घ्यावे?

कृष्णाकाठची (तासगाव)

नमस्कार. मी यंदा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण झाले आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. दंश झाल्याचे कुणालाच कळले नव्हते. पहाटे पोटात दुखते म्हणून तो उठला आणि थोड्याच वेळात त्याच्या पापण्या मिटू लागल्या. मिरजेच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याचा श्वास अगदी मंदावला होता आणि पुढचे सहा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. त्या सहा दिवसांत त्याच्या खाटेशी दर तासाला येऊन यंत्रावरचे आकडे लिहून घेणारी, त्याच्या नळीतील कफ काढणारी एक ताई होती. ती डॉक्टर नव्हती आणि सिस्टरही नव्हती. आपण रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहोत, असे तिने सांगितले. भाऊ आता पुन्हा शाळेत जातो.

मला तेच काम शिकायचे आहे. घरचे नर्सिंग किंवा फार्मसी सुचवतात, कारण हे नाव आमच्याकडे कुणी ऐकलेले नाही. शिक्षण किती वर्षांचे असते, त्यात नेमके काय शिकवतात आणि महाविद्यालय निवडताना काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कोरेगावकर

मी हेच काम गेली नऊ वर्षे पुण्यात करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक ठिकाणी हा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षे आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप असा असतो. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया यांवर भर असतो, आणि तो कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. नंतर धमनीतील रक्ताची वायुतपासणी, म्हणजे एबीजी, फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री, ऑक्सिजन देण्याच्या पद्धती, कृत्रिम श्वासमार्गाची निगा आणि व्हेंटिलेटर हे विषय येतात.

लोकांना वाटते की हे यंत्र चालवण्याचे काम आहे. प्रत्यक्षात यंत्राने किती हवा द्यायची, याचा हिशेब रुग्णाच्या शरीरावरून करावा लागतो. एक उदाहरण देतो. फुप्फुसांना तीव्र सूज असलेल्या रुग्णाला प्रत्येक श्वासात प्रतिकिलो सुमारे ६ मिलिलिटर हवा द्यायची असते; मात्र हे वजन काट्यावरचे नसून उंचीवरून काढलेले असते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे असे वजन साधारण ६१.५ किलो येते, म्हणजे एका श्वासाला सुमारे ३७० मिलिलिटर. तोच माणूस प्रत्यक्षात ९० किलोचा असेल आणि कुणी काट्यावरचे वजन धरले, तर ५४० मिलिलिटर हवा जाईल आणि आधीच आजारी असलेले फुप्फुस ताणून आणखी जखमी होईल. माणूस लठ्ठ झाला तरी त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत, ही साधी गोष्ट ज्याच्या मनात पक्की बसली आहे, त्याच्या हातून ही चूक होत नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीतही हेच पाहा. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि एकदा लुळेपणा आला की प्रतिविष देऊनही तो लगेच उतरत नाही. मज्जातंतूंची टोके सावरेपर्यंत श्वास बाहेरून द्यावा लागतो. म्हणजे त्या सहा दिवसांत फुप्फुसांत जंतुसंसर्ग होऊ न देणे, श्वासनलिकेत नळी घट्ट बसवणाऱ्या फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या दरम्यान राखणे आणि नळी काढण्याची योग्य वेळ ओळखणे, यांवर सारे अवलंबून होते.

मिरजेची सिस्टर

मी पंधरा वर्षे आयसीयूमध्ये ड्युटी करते आहे. कोरेगावकर सरांनी लिहिले ते बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालते की आपल्या भागात हे काम शिकण्यासारखे रुग्ण पुष्कळ येतात. द्राक्षबागांच्या पट्ट्यातून कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात आणि त्यांतल्या अनेकांना व्हेंटिलेटर लागतो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायका सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, घेऊन येतात, आणि त्यांना ऑक्सिजन सढळ हाताने देणे चुकीचे ठरते. त्यांचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवावे लागते. नातेवाईक आकडा ९९ का करत नाही म्हणून अस्वस्थ होतात, तेव्हा त्यांना समजावून सांगणे हाही कामाचाच भाग आहे. रात्रपाळी असते, मृत्यू जवळून पाहावे लागतात, आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

नर्सिंगला कमी समजू नका. तेथे नोकऱ्या अधिक गावांत मिळतात. रेस्पिरेटरी थेरपिस्टची जागा मात्र बहुधा मोठ्या रुग्णालयांतच असते, तेव्हा पुणे, कोल्हापूर किंवा मुंबईला राहण्याची मनाची तयारी ठेवा.

एक पालक, विटा

फसवणूक टाळण्यासाठी लिहितो. माझ्या पुतण्याने एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा 'व्हेंटिलेटर टेक्निशियन' अभ्यासक्रम केला. संस्थेचे स्वतःचे रुग्णालयच नव्हते, आणि प्रशिक्षण म्हणून त्याला सिलिंडर वाहण्याचे काम दिले गेले. वर्ष आणि पैसे दोन्ही वाया गेले, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात श्वसन तंत्रज्ञांचा समावेश आहे, आणि पदविका असो वा पदवी, किमान दोन वर्षांत २,००० तासांचे शिक्षण त्यात अपेक्षित आहे. म्हणून एक वर्षाच्या प्रमाणपत्राच्या वाटेला जाऊ नका, आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, हे प्रवेशाआधी लेखी घ्या.

कृष्णाकाठची (तासगाव)

सर्वांचे मनापासून आभार. महाविद्यालय पाहायला जाईन तेव्हा नेमके काय विचारू?

कोरेगावकर

तीन गोष्टी विचारा: आयसीयूमध्ये खाटा किती आहेत, विद्यार्थ्यांना खाटेशी कोणत्या वर्षापासून उभे करतात आणि शिकवणारे स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहेत का. शक्य झाल्यास शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला भेटा आणि त्याने स्वतःच्या हाताने एबीजीसाठी रक्त घेतले आहे का, हे विचारा. तो क्षणभरही न थांबता 'हो' म्हणाला, तर त्या महाविद्यालयाचा अर्ज घरी घेऊन या.