तुम्ही ज्या पंथात आहात तिथेच का आहात? (जन्म सोडून कारण सांगा)

वाटसरू: माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, त्याच चर्चमध्ये वाढले, लग्नही तिथेच. आता मुलगी दृढीकरणाच्या (मोठं होऊन आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला जाते, परवा म्हणाली आई आपण प्रोटेस्टंट का, कॅथलिक का नाही? मी म्हटलं आजीआजोबा होते म्हणून. तिचा चेहराच पडला. कोण बरोबर हा वाद नकोय, तुमचं स्वतःचं कारण हवंय.

सांजदिवा: मी कॅथलिक झालो ते तिशीनंतर. आधी आमच्याकडे सगळी प्रार्थना मोकळी, आपापल्या शब्दांत, आणि वडील गेल्यावर माझे शब्दच संपले, डोळे मिटले की नुसता अंधार. तेव्हा मित्राबरोबर मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला गेलो. तिथे सगळं ठरलेलं असतं, लोक म्हणतात ते मागून म्हणत गेलो, 'हे प्रभू, दया कर' आलं आणि रडू फुटलं. पाठ केलेली प्रार्थना कोरडी असते असं आयुष्यभर वाटत होतं, त्या दिवशी तिनेच मला धरून ठेवलं. पण ताई, नुसत्या रडण्यावर मी पंथ बदलला नाही हं, पोपचा अधिकार आणि मरियेबद्दलची शिकवण यावर दोन वर्षं वाचलं, भांडलो, मग गेलो.

काठावरची: मी बाप्टिस्ट, कारण बाप्तिस्म्याला 'हो' मी स्वतः म्हटलेलं असावं असं वाटलं. सव्विसाव्या वर्षी पाण्यात उतरले. आईला फार लागलं, तुझा बाप्तिस्मा झालाय की, तो काय खोटा होता का म्हणाली, आणि ते दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी असाच मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, त्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये नदीत बुडवून मारलं. बाप्टिस्ट मंडळ्या त्यानंतरच्या, पण हे वाचल्यावर माझा निर्णय मला हलका वाटेना.

जुनाबाक: मी लूथरन. मुलीला मारबुर्गची गोष्ट सांगा. १५२९ मध्ये जर्मनीतल्या या गावी लूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमलं आणि प्रभुभोजनावर, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीवर अडलं. लूथरने टेबलावर खडूने भाकरीबद्दलचे येशूचे शब्द लिहून ठेवले होते, 'हे माझे शरीर आहे'. झ्विंग्लीच्या मते 'आहे' म्हणजे 'दर्शवते', लूथर 'आहे' वरून हलेना. एका क्रियापदासाठी दोन वाटा झाल्या असं ऐकून लोकांना नवल वाटतं, मला नाही वाटत, मी भाकर हातात घेतो तेव्हा ती मला कोण देतोय हा प्रश्न खराच आहे आणि मी लूथरच्या बाजूला आहे. बाकी विश्वासाने नीतिमान ठरणं (माणूस देवापुढे कशामुळे निर्दोष ठरतो हा मुद्दा), ज्यावरून एवढी फूट पडली, त्यावर १९९९ मध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी एकत्र घोषणापत्रावर सह्या केल्या, सगळं मिटलं नाही तरी हेही तिला सांगा.

वाटसरू: सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्यात दृढीकरणाआधी मुलं प्रभुभोजन घेत नाहीत, ती बाकावरून बघते. आज तिला विचारलं तुला काय वाटतं गं, तिथे काय होतं? म्हणाली, माहीत नाही, पण तू परत येऊन बसतेस ना तेव्हा थोडा वेळ कोणाशीच बोलत नाहीस. मला तिथल्या तिथे काही बोलता आलं नाही. मारबुर्गची गोष्ट उद्या सांगते तिला.