मदत हवी आहे: नवा विषाणू आलाय म्हणतात. सावध राहायचंय, पण घर घाबरवून टाकायचं नाहीये

गेले दहा दिवस नव्या विषाणूच्या बातम्या येताहेत. आम्ही राहतो तिथे अजून एकही रुग्ण नाही. तरी रात्री दोनला जाग आली की माझा हात आधी फोनकडे जातो. आकडा वाढलेला असला तर झोप उडते, आणि वाढलेला नसला तर लपवत असतील म्हणून उडते.

घरात आम्ही चौघं. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे आणि दमाही. मुलगा नऊ वर्षांचा. नवरा म्हणतो, जे व्हायचं ते होईल. माझं मत दर तासाला बदलतं.

२०२० मध्ये आम्ही बाहेरून आलेली प्रत्येक पिशवी साबणाच्या पाण्याने धुतली, वर्तमानपत्र उन्हात टाकलं. आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्यांबरोबर बंद खोलीत, खिडक्या लावून, मास्क हनुवटीवर घेऊन तासभर गप्पा मारल्या! तेव्हाचा कोरोना विषाणू मुख्यतः हवेतून जातो हे कळेपर्यंत बरेच महिने गेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कष्ट भरपूर केले, पण भलत्याच ठिकाणी. या वेळी तसं व्हायला नको.

लिहायला बसण्याचं खरं कारण मुलगा आहे. हात धुताना तो वीसपर्यंत मोजतो. ते मीच शिकवलं. आता मध्येच कुणी बोललं आणि आकडा चुकला की तो पुन्हा एकपासून सुरू करतो. काल सलग चार वेळा. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात. मी रागावले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण हे त्याने माझ्याकडूनच उचललंय.

तर प्रश्न असे. मृत्यूची टक्केवारी ऐकून पोटात गोळा येतो, ती वाचायची कशी? आत्ता, रुग्ण नसताना, काय करून ठेवावं? पुढच्या महिन्यात ऑफिसची तीन दिवसांची परिषद आहे, विमानाने जायचंय. जाऊ का? आणि मुलाचं काय करू?

"काळजी करू नका" एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको. ते नवरा सांगतोच आहे.

प्रतिसाद १
बातम्या बंद करा. आमच्या घरी कुणी बघत नाही, सगळे ठणठणीत आहेत.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. बातम्या बंद नको, वेळ ठरवा. मी सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात, दहा-दहा मिनिटं बघतो. आरोग्य खात्याचं पत्रक आणि जागतिक आरोग्य संघटनेचं पान, बास. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. पहिले तीन दिवस हात शिवशिवतात, नंतर सवय होते. कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र म्यूट केलाय, तिथे दर तासाला कुणीतरी डॉक्टर होतं.

प्रतिसाद ३
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. टक्केवारीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं.

साथीच्या सुरुवातीला कोण मोजलं जातं? जो रुग्णालयात पोचला तो. समजा शंभर जण दाखल झाले आणि दहा गेले, तर मथळा "दहा टक्के मृत्यू". पण घरीच दोन दिवस कणकण अंगावर काढून बरे झालेले नऊशे जण कुणी मोजलेच नसतील, तर तीच टक्केवारी एकवर येते. २००९ च्या स्वाइन फ्लूत असंच झालं. सुरुवातीचे आकडे धडकी भरवणारे होते, सौम्य रुग्ण हिशेबात आल्यावर ते खूप खाली आले.

उलटंही होतं, म्हणून "पहिला आकडा नेहमी फुगवलेला असतो" असं धरून चालू नका. २००३ च्या सार्समध्ये (कोविडच्याच कुळातल्या विषाणूचा श्वसनाचा आजार) सुरुवातीचा अंदाज चार टक्क्यांच्या आसपास होता. पण त्या वेळी बरेच रुग्ण अजून खाटेवर होते, त्यांचं पुढे काय होणार ते ठरायचं होतं. शेवटी हिशेब लागला तो ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, म्हणजे साडेनऊ टक्के. पहिल्या महिन्यातली टक्केवारी ही अर्धवट भरलेली पाटी आहे.

त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. पसरतो कसा? आणि लक्षणं दिसण्याआधीच पसरतो का? दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व फार थोड्यांना ठाऊक असतं. सार्सचा रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवायचा तो आजारी पडल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात. तोवर तो ओळखू यायचा. त्याला वेगळं ठेवलं, संपर्कातल्यांवर लक्ष ठेवलं आणि जुलै २००३ पर्यंत साखळी तुटली. कोविडमध्ये माणूस धडधाकट दिसत असतानाच, लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून विषाणू सोडत होता. दारात कपाळाला थर्मामीटर लावून तो कसा सापडणार? दगावण्याचं प्रमाण सार्समध्ये जास्त होतं, पण जग थांबवलं कोविडने.

पसरण्याची वाट कळली की उपाय आपोआप ठरतो. एमपॉक्स (आधीचं नाव मंकीपॉक्स) मुख्यतः त्वचेच्या निकट संपर्कातून जातो, तिथे खिडक्या उघडून काही साधत नाही. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं. श्वासातून जाणारा असेल तर खोलीत कुणी सिगारेट ओढतोय अशी कल्पना करा. धूर कुठे साचेल, कुठून बाहेर जाईल? समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. या नव्याची वाट नक्की कळेपर्यंत हवा, हात आणि आजारी माणसापासून अंतर ही तिन्ही धरून चाला. पिशव्या धुणं सोडून द्या.

प्रतिसाद ४
एक धोक्याची सूचना. भीतीच्या भरात ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू होतो. आमच्या ओळखीत विषाणूने काही झालं नाही, या मिश्रणाने मात्र एकाला ऑक्सिजन लावावा लागला.

धागाकर्ती
प्रतिसाद ३, मनापासून आभार. "अर्धवट भरलेली पाटी" हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो पहिल्यांदाच काही न बोलता ऐकत होता. सासूबाईंसाठी आत्ता काय करून ठेवू? मास्क नेमका कोणता? नवऱ्याला दाढी आहे, त्याने फरक पडतो का?

प्रतिसाद ३
दाढीने पडतो, भरपूर. एन९५ चा सगळा भरवसा कडा चेहऱ्याला घट्ट बसण्यावर असतो. दाढीवरून तो घालणं म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी सताड उघडी ठेवणं. आत्ताच काढायची गरज नाही, पण वेळ आली तर दाढी की मास्क हे त्यांनी आधीच ठरवून ठेवावं.

प्रतिसाद ५
सासूबाईंबद्दल मी लिहितो, माझ्या आईचं सगळं मीच बघतो. नेहमीच्या औषधांचा महिनाभराचा साठा ठेवा, त्याहून जास्त नको, दुसऱ्यांना कमी पडतं. फ्लू आणि न्यूमोकोकलच्या (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धच्या) लशी घ्यायच्या राहिल्या असतील तर डॉक्टरांना विचारून आत्ताच घ्या. त्या नव्या विषाणूला अडवणार नाहीत, पण एकावर एक दोन संकटं टळतात. कुठल्याही संसर्गात साखर चढू शकते, तेव्हा आजारपणात गोळ्यांचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. ताप आल्यावर रात्री फोन करून विचारण्यात अर्थ नाही. अँटिबायोटिक घरात साठवू नका, विषाणूवर त्याचा उपयोग नाही.

ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम हवं, नेलपॉलिश नको. त्या ठणठणीत असताना किती दाखवतो ते लिहून ठेवा, तुलना त्याच्याशी करायची. ९४ च्या खाली आलं की डॉक्टरांना फोन. बसल्या जागी धाप, ओठ निळसर किंवा बोलण्यात भ्रम असेल तर थेट रुग्णालय, आकडा काहीही असो. आणि म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. माझी आई नुसती जेवेना आणि आज कोणता वार ते चुकीचं सांगायला लागली, ते न्यूमोनिया निघालं. मी दोन दिवस "वयामुळे असेल" म्हणत बसलो होतो.

प्रतिसाद ६
ताई, मुलाबद्दल. माझी मुलगी याच वयात दाराची कडी तपासत बसायची. रागावल्याने वाढलं. मोजणं काढून टाका, त्याजागी त्याच्या आवडीच्या गाण्याचं एक कडवं द्या. गाणं मध्ये अडलं तरी "चुकलं" असं होत नाही. हात धुवायचे ठरलेले प्रसंग सांगा: जेवणाआधी, संडासनंतर, बाहेरून आल्यावर. मधल्या वेळी नाही. भेगांना रात्री क्रीम. त्याच्यासमोर आकड्यांची चर्चा नको, आणि त्याने विचारलं तर लपवाछपवीही नको. आमच्याकडे रोज एक प्रश्न आणि एक खरं उत्तर असं ठरलं होतं. दोनेक आठवड्यांत कमी झालं नाही तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आम्ही उशिरा गेलो.

प्रतिसाद २
परिषदेचं आत्ता ठरवू नका, कधी ठरवायचं ते ठरवा. परतावा मिळेल असं तिकीट काढा, निघण्याच्या पाच दिवस आधीची तारीख पक्की करा आणि काय असेल तर रद्द ते आजच लिहून ठेवा. त्या दिवशी मनाला विचारू नका, कागदाला विचारा.

धागाकर्ती
चार दिवसांनी लिहितेय. कागद केला, कपाटाच्या दाराला आतून लावलाय. त्या शहरात स्थानिक प्रसार जाहीर झाला तर परिषद रद्द. आमच्याकडे झाला तर सासूबाईंच्या बाहेरच्या भेटी गच्चीवर, बंद जागेत सगळ्यांना मास्क. घरात कुणाला सर्दी-ताप आला तर त्याने वेगळ्या खोलीत झोपायचं, विषाणू जुना असो की नवा. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं: "मला विचारल्याशिवाय माझ्या भेटी रद्द करू नयेत." बरोबर आहे त्यांचं, मी विचारलंच नव्हतं.

मुलगा काल दोनदा एकाच कडव्यात आटोपला. तिसऱ्यांदा पुन्हा मोजायला लागला. बघू.

एक प्रश्न राहिलाच. सासूबाई दम्यासाठी नेब्युलायझर घेतात. घरात कुणी आजारी असताना तो चालू ठेवायचा का?

प्रतिसाद ३
औषध बंद करू नका, हे पहिलं. त्यांनाच संसर्ग झाला असेल तर नेब्युलायझरच्या फवाऱ्याबरोबर विषाणू खोलीभर होऊ शकतो, म्हणून कोविडमध्ये शक्य तिथे स्पेसर (औषध ओढायला मदत करणारी पोकळ नळी) लावलेला इन्हेलर वापरत होते. त्यांना तो जमतो का, ते पुढच्या तपासणीत डॉक्टरांसमोर करून बघा. नेब्युलायझरच लागला तर त्या खोलीत एकट्या असाव्यात, दार बंद आणि खिडकी उघडी.