सगळीकडे बँग ठोकला की हास्केल पळतं म्हणे!

फोल्डकरी: काल इथे कुणीतरी ज्ञान पाजळलं: हास्केल (ही आळशी भाषा, किंमत लागेपर्यंत काही मोजत नाही) रेंगाळतंय? दिसेल त्या व्हेरिएबलला बँग ('!' हे चिन्ह, म्हणजे 'आत्ताच मोज') लावा, विषय संपला. डोकंच फिरलं. सरासरीसाठी बेरीज आणि आकडे किती ते एका टपलमध्ये (किमतींच्या जोडीत) घेऊन फोल्डएल-प्राइम (यादीवरून फिरत दर पायरीला उत्तर मोजणारा फोल्ड) चालवून बघा. तो फक्त टपलचं वरचं झाकण उघडतो, आत दोन्हीकडे थंक (न मोजता ठेवलेली कामं) साचतच जातात. अॅक्युम्युलेटरला (उत्तर साठवणाऱ्या त्या टपलला) बँग लावूनही फरक शून्य, तो आतल्या आकड्यांना लावावा लागतो. हीप प्रोफाइल (मेमरी कशात जातेय त्याचा अहवाल) न बघता कसले सल्ले देता?

कॅमलस्वार: साध्या बेरजेसाठी हीप प्रोफाइल! धन्य आहे. ओकॅमल भाषेत आकडा तिथल्या तिथे मोजला जातो. आळस हवाच असेल तर 'लेझी' असं स्पष्ट लिहायचं.

फोल्डकरी: आणि हास्केलच्या 'व्हेअर'खाली (फंक्शनच्या तळाशी) पाच व्याख्या लिहून लागेल तीच मोजायची सोय? ती घालवून बसलात.

सेलमोजे: तुमचं चालू द्या, मेमरीचा खरा चोर स्ट्रिंग (हास्केलचा मजकुराचा टाइप) आहे. अक्षरागणिक लिस्टचा एक सेल, 64-बिटवर नुसत्या सेलचेच 24 बाइट! आमच्या लॉग पार्सरमध्ये (नोंदी वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये) सगळे थंक शोधत बसले होते. मी त्याजागी बाइटस्ट्रिंग (सलग बाइटचा साठा) घातलं, मेमरी धाडकन खाली. बँग एकही नाही.

कॅमलस्वार: म्हणजे भाषेतला मुख्य टाइपच वापरायचा नाही. छान.

फोल्डकरी: बाइटस्ट्रिंगचं कौतुक जपून. त्यातला चिमूटभर तुकडा मॅपमध्ये (किल्ली-किंमत तक्त्यात) ठेवलात की मेमरीत अख्खा बफर (मूळ साठा) जिवंत राहतो. कॉपी केलं होतंत का?

सेलमोजे: केलं होतं! सगळ्यांना बिनडोक समजायची सवय सोडा.

कॅमलस्वार: स्ट्रिक्ट (लगेच मोजणारं) असूनही मेमरी गळतंय, वा! हा मुद्दा माझ्याविरुद्ध जातोय, तरी मजा आली.

बँगबहाद्दर: सल्ला माझाच होता, नवशिक्यांसाठी. जीएचसी (हास्केलचा कंपायलर) 8.0 पासून, म्हणजे 2016 पासून, स्ट्रिक्टडेटा आहे: मॉड्यूलमधल्या टाइपच्या फील्डना (आतल्या कप्प्यांना) आपोआप बँग. एक ओळ टाका. कुठल्या फील्डला आळस लागतो हो?

फोल्डकरी: फील्डपुरतं मान्य, घ्या. पण टपल तुमच्या मॉड्यूलमध्ये जन्मलेला नाही, त्याला स्ट्रिक्टडेटा लागूच होत नाही. आणि काल तुम्ही "फील्ड" नव्हे, "दिसेल त्या व्हेरिएबलला" म्हणाला होतात.

बँगबहाद्दर: बरं बाबा, टपल काढून स्वतःचा टाइप लिहितो. आता तरी बँग लावायची परवानगी आहे ना, महाराज?

सेलमोजे: त्यात स्ट्रिंग घालू नका म्हणजे मिळवली.