हिऱ्याचे मोल जाहिरातीपेक्षा जुने आहे

हिरा म्हणजे दाबलेला कोळसा आणि त्याचे महत्त्व केवळ जाहिरातींनी निर्माण केले, ही दोन्ही विधाने मला पटत नाहीत. हिरे जमिनीखाली साधारण 150 किलोमीटर वा त्याहून खोल, प्रचंड दाब व उष्णतेत कार्बनपासून घडले आणि ज्वालामुखीच्या उद्रेकांबरोबर वर आले. त्यांतील बहुतेकांचे वय अब्जावधी वर्षांचे, म्हणजे ज्या वनस्पतींपासून कोळसा झाला त्या जमिनीवर उगवण्याच्याही फार आधीचे आहे.

साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा घरोघरी पोचवण्यात विसाव्या शतकातील जाहिरातींचा मोठा वाटा आहे, हे मान्य. पण ब्राझीलमध्ये अठराव्या शतकात खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे प्रामुख्याने भारतच पुरवत होता, आणि आपल्याकडे 'वज्र' हा एकच शब्द इंद्राच्या आयुधासाठीही वापरला जातो व हिऱ्यासाठीही. न भंगणारे ते पवित्र, ही भावना त्या शब्दातच आहे.

आम्हा नाशिककरांना तर याचे उदाहरण शोधावे लागत नाही. गोवळकोंड्याच्या परिसरातील आणि त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला म्हणून ओळखला जाणारा 'नासक' हिरा 1818 मध्ये मराठेशाहीच्या पाडावानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला, लंडनमध्ये विकला गेला आणि पुन्हा पुन्हा पैलू पाडल्याने 43.38 कॅरटवर आला. आमच्या गावाचे नाव (तेही बदललेल्या उच्चाराने) तेवढे त्याच्याजवळ उरले, याची मला आजही हळहळ वाटते.