ड्रिलमध्ये पास बरोबर, मॅचमध्ये सगळे बॉलभोवती. ११-१२ च्या मुलांना सुरुवात कुठून करू?

नवा_कोच
नमस्कार मंडळी. माझ्याकडे फुटबॉलला ११-१२ वर्षांची १४ मुलं आहेत. समोरासमोर दोन रांगा लावून पास द्यायला सांगितलं की झकास देतात, पण मॅच सुरू झाली की सगळी बॉलच्या मागे. ज्याच्या पायात बॉल येतो त्याची मान खाली, तोवर तिघं येऊन बॉल काढून नेतात. आणि पास दिला की देणारा जागेवरच उभा, जसं काही त्याचं काम संपलं. पास देणं, बॉल घेणं आणि मोकळी जागा बघणं तिन्ही शिकवायचंय. सामान: ५ बॉल, १२ कोन, अर्धं ग्राउंड. आठवड्यात दोन दिवस, एकेक तास. नवीन काही विकत घ्यायचं नाहीये. काय घेऊ पहिल्यांदा?

भिंत_आणि_बॉल
रिबाउंडर घ्या, जाळीवाला, मारलेला बॉल परत येतो तो. मी दोन घेतले, एक सपाट आणि एक तिरका. माझा मुलगा रोज दोनशे पास मारतो, त्याचा फर्स्ट टच (बॉल आल्यावरचा पहिला स्पर्श) बघून दुसऱ्या टीमचे कोच येऊन विचारतात कुठे शिकला. कोनाने काही होत नाही.

मधली_फळी
@भिंत_आणि_बॉल, त्यांनी विकत घ्यायचं नाहीये म्हणून लिहिलंय ना. साधी भिंत असली तरी चालते. पण भिंत बॉल नेहमी तिथेच परत देते, ती पळत नाही, तिच्या मागे डिफेंडर नसतो. टच सुधारेल, बघणं नाही सुधारणार.

रोंडो करा. चार जण बाहेर, एक आत, ८ बाय ८ मीटरचा चौकोन. बाहेरचे आपसात पास देतात, आतला बॉल काढायला बघतो. जमलं की बाहेर पाच, आत दोन. क्रॉयफ १९८८ ते १९९६ बार्सिलोनाचे कोच होते, त्यांच्या सरावात रोंडो रोजचा होता. सगळं आहे त्यात, पासचा अँगल, जोर, वेग, बॉल गेल्यावर लगेच अडवायला जाणं.

शिट्टीवाली_ताई
मी नऊ वर्षं मुलींना शिकवतेय. आधी शरीर कसं ठेवायचं ते बघा, ड्रिल नंतर. बहुतेक मुलं पास देणाऱ्याकडे छाती करून, दोन्ही पाय जोडून उभी राहतात आणि जवळच्या पायाने बॉल घेतात. मग मागे वळायलाच दोन टच जातात. तिरकं उभं राहायचं, एक खांदा पास देणाऱ्याकडे, दुसरा जिकडे जायचंय तिकडे, आणि बॉल लांबच्या पायावर घ्यायचा. बॉल अंगाच्या पुढून जाऊ द्यायचा आणि पहिला टच मोकळ्या बाजूला. एवढं एक जमलं तरी अर्धी मॅच सुटते. माझ्या मुलींना हे अंगवळणी पडायला जवळपास दोन महिने लागले, लगेच दिसलं नाही म्हणून सोडू नका.

पास देताना टेकलेला पाय बॉलच्या शेजारी आणि बोट टार्गेटकडे, घोटा घट्ट, आतल्या बाजूने बॉलच्या मधोमध. घोटा ढिला ठेवतात म्हणून बॉल उड्या मारत जातो.

जुना_स्टॉपर
बॉल कुठल्या साइजचा आहे? कोणी विचारलंच नाही. ११-१२ ला ४ नंबर पाहिजे. ५ नंबर ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तो या पोरांना लांब मारायला जड जातो, मग घोटा ढिला पडतो नाहीतर टो (बुटाच्या टोकाने) मारतात. आमच्याकडे वर्षभर ५ नंबरवर खेळवलं आणि निम्म्या पोरांना लाँग पास आलाच नाही.

तळवा
मी तर म्हणेन फुटसलचा (हॉलमध्ये पाच-पाच जण खेळतात त्या फुटबॉलचा) बॉल घ्या. साइज ४ सारखाच पण कमी उसळतो, त्यामुळे पायाशी राहतो आणि मुलं डोकं वर काढायला शिकतात. तळव्याने बॉल थांबवायची सवय पण लागते.

जुना_स्टॉपर
तळव्याने थांबवायची सवय गवतावर नडते. बॉल पूर्ण थांबतो आणि अंगावर माणूस येतो. मी स्वतः अशा पोरांकडून किती बॉल काढलेत.

तळवा
थांबवणं वेगळं आणि तळव्याने ओढून बाजूला नेणं वेगळं. तुम्ही पहिलंच बघितलंय.

डेटा_भक्त
जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबकडे फुटबोनॉट नावाचं सरावाचं मशीन आहे, चौकोनी पिंजरा, चारी बाजूंना ७२ चौकटी. बॉल कुठूनही येतो, ज्या चौकटीचा दिवा लागेल तिकडे पास द्यायचा, त्यामुळे बॉल घ्यायच्या आधीच मान फिरते. तसं नाही जमलं तर निदान जीपीएस बनियन घ्या, आम्ही घेतले, कोण किती पळतो लगेच कळतं.

शिट्टीवाली_ताई
किती पळतो ते कळून १२ वर्षांच्या मुलाला पास कुठे द्यायचा ते कसं कळेल? पण मान फिरवायचा मुद्दा बरोबर आहे. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या खेळाडूंचे व्हिडिओ तपासले होते, बॉल मिळायच्या आधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघत होते त्यांचे पास जास्त वेळा नीट पोचत होते. स्पेनचा मिडफिल्डर चावी (Xavi) बघा, बॉल लांब असतानाच मान सतत फिरत असायची. आम्ही यासाठी पाठीमागे उभं राहून बोटं दाखवतो, बॉल घ्यायच्या आधी मागे बघून आकडा सांगायचा.

मधली_फळी
बोटांच्या खेळाशी मी सहमत नाही. माझी पोरं दोन आठवड्यांत बोटं बघायला उत्तम शिकली आणि मॅचमध्ये मागचा माणूस दिसेना, कारण त्यांना बोटं शोधायची सवय लागली. बघितलेल्या गोष्टीवरून काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे. मागे माणूस असेल तर एका टचमध्ये परत दे, नसेल तर वळ. मागचा डिफेंडर कधी येईल कधी नाही, ते त्याच्यावर सोडायचं. आणि कधी बघायचं ते पण सांगा. बॉल पास देणाऱ्याच्या पायातून सुटायच्या आधी एकदा, बॉल वाटेत असताना परत एकदा, आणि मग डोळे बॉलवर. पोरं नेमकी उलटं करतात, शेवटच्या क्षणी मागे बघतात आणि बॉल पायाखालून जातो.

शिट्टीवाली_ताई
हे मान्य. उद्या तुमच्या पद्धतीने करून बघते.

गोलपोस्ट_१
आमच्या टीमला झोन करून दिले होते. ग्राउंडचे चार भाग, प्रत्येकाने आपल्या भागातच राहायचं. घोळका तुटला पण पोरं खांबासारखी उभी राहायला लागली, बॉल पलीकडच्या भागात गेला की कंबरेवर हात. सीझन वाया गेला. झोन करू नका.

कीपरचा_बाप
कीपरपासून सुरुवात करा कोणी का म्हणत नाही? २०१९ पासून गोलकिकवर (गोलसमोरून बॉल मारून खेळ सुरू करतात तेव्हा) बॉल बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या, बाहेर जायची वाट बघावी लागत नाही, आपला माणूस आतच घेऊ शकतो. १९९२ पासून बॅकपास, म्हणजे आपल्याच माणसाने पायाने मुद्दाम दिलेला बॉल, कीपरला हातात घेता येत नाही. म्हणजे कीपर हा पास देणारा अकरावा माणूस झाला. माझ्या मुलाला वेगळं उभं करून हातानेच झेल घ्यायला लावतात, त्याला एक पास शिकवत नाहीत, मला याचा फार राग येतो.

नवा_रोंडोप्रेमी
रोंडो करा. चार बाहेर एक आत. बेस्ट.

मधली_फळी
वर लिहिलंय तेच.

लाईनवरून
पालकांना आधी गप्प करा. बाहेरून "मार, मार" ओरडतात, पोराने मान वर केली तरी तो मारणारच. आम्ही मॅचला पालकांना समोरच्या लाईनवर उभं केलं आणि आम्ही अलीकडे, फरक पडला. आणि त्या दोन रांगा बंद करा, अर्धा वेळ पोरं रांगेत उभी असतात.

गोलपोस्ट_१
रांगा बंद, मी पण हेच म्हणतो.

नवा_कोच
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. बॉल तपासले, चार ५ नंबरचे आणि एक ४ नंबरचा. सध्या तेच वापरणार.

रोंडो मात्र मी आत्ता घेत नाहीये. मागे घेतला होता, बाहेरची मुलं आपापल्या बाजूवर थांबतात आणि बॉल नेमका त्यांच्याकडेच येतो, पास देऊन जागा सोडायची गरजच पडत नाही. माझा त्रास तोच आहे. आणि रांगा दोघांनी बंद करायला सांगितल्या, तरी दहा मिनिटं ठेवणार, कारण पाच मुलं डाव्या पायाने पासच देत नाहीत आणि ते खेळात लपून जातं. फक्त रांगेत बॉल लांबच्या पायावर घ्यायचा, ताईंनी सांगितलं तसं.

बाकी वेळ गेटचा खेळ. दोन मैदानं, प्रत्येकी साधारण २५ बाय २० मीटर, प्रत्येकात तीन विरुद्ध तीन आणि एक न्यूट्रल, तो बॉल असेल त्यांच्या बाजूने. दोन कोनांचं एक गेट, प्रत्येक मैदानात तीन, म्हणजे १२ कोन पुरले. गेटमधून पलीकडच्या आपल्या माणसाला पास पोचला की पॉइंट, पण लागोपाठ त्याच गेटमध्ये नाही. त्यामुळे एका गेटवर गर्दी झाली की दुसरं कुठलं रिकामं आहे ते बघावंच लागतं.

मधली_फळी
रोंडोशिवाय अँगल येणार नाहीत. बघा.

नवा_कोच
तीन आठवडे झाले म्हणून लिहितोय. घोळका पूर्ण गेला नाही, पण पॉइंट झाला की दोन-तीन जण आपणहून दुसऱ्या गेटकडे पळायला लागलेत. एक मुलगा आहे, महिनाभर त्याला कोणी पास देत नव्हतं, तो परवा डिफेंडरच्या सावलीतून बाहेर येऊन दोन पावलं मागे गेला आणि हात वर केला. पास पोचला नाही, पण दिला त्याला.

नवीन अडचण अशी की सगळे पास न्यूट्रललाच देतात, कारण त्याला अडवायला स्वतःचा असा कोणी नसतो.

शिट्टीवाली_ताई
न्यूट्रलला एकच टच द्या, आणि ज्याने दिला त्याला परत नाही, तिसऱ्यालाच. मग तिसऱ्याला आधीच पळावं लागतं.

नवा_कोच
गुरुवारी करून बघतो.