घरचे पॉपकॉर्न: मशीन घ्यावं की टोपच बरा? कोकणातली हवा धरून सांगा

गुहागरची_सून
नमस्कार मंडळी, मुलं शाळेतून आली की संध्याकाळी भूक भूक करतात आणि मला ती वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं घरातून कायमची बंद करायचीयत. पॉपकॉर्न सगळ्यांना आवडतात पण तयार मसाल्याचं पाकीट आणलं की मागे घटक वाचून हात आखडतो, पाम तेल, भरपूर मीठ आणि लोण्याचा नुसता वास. सासऱ्यांना बीपी आहे, थोडी शुगरपण आहे, त्यांनाही चार घास खाता यावेत असं हवं. ते गरम हवेवर बिनतेलाचे पॉपकॉर्न करायचं मशीन मिळतं ते घ्यावं का? आमच्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही, व्होल्टेज पण पडतं. आणि सुटे दाणे आणून करते तेव्हा उन्हाळ्यात छान फुलतात पण पावसाळ्यात तेच दाणे बारके आणि चिवट होतात, गणंग पण खूप राहतात, त्याचं काय करायचं? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

मालवणी_रांदप
ताई, मशीन कित्याक व्हया? जाड बुडाचा टोप नायतर कढई आणि वर बसेल असं झाकण, बस. माझं मत विचाराल तर कढई जास्त चांगली कारण तिचा तळ गोल, न फुटलेले दाणे आपोआप घरंगळून खाली आचेवर येतात आणि फुललेले वर राहतात, ढवळायला लागत नाही. पातळ स्टीलचं भांडं मात्र नको, मधला भाग जळतो नि कडेचे दाणे तसेच.

कृती सांगते. मध्यम आचेवर एक मोठा चमचा तेल, त्यात फक्त तीन-चार दाणे टाकून झाकण ठेवा. ते फुटले की तेल तापलं. मग अर्धी वाटी दाणे घालायचे, एकाच थरात बसतील एवढेच, आणि लगेच भांडं आचेवरून अर्धा मिनिट खाली घ्यायचं. हे लोक करत नाहीत आणि मग म्हणतात गणंग राहिले. त्या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे एकसारखे तापतात आणि परत गॅसवर ठेवले की जवळजवळ एकदम फुटायला लागतात. झाकण किंचित तिरकं ठेवा, वाफ बाहेर गेली पाहिजे, नाहीतर आपल्या दमट हवेत ते तिथेच मऊ पडतात. दोन फट् मध्ये दोन सेकंदांचं अंतर पडायला लागलं की गॅस बंद.

तेलाला घाबरू नका हो. मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी, चार जणांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला ३०. दुकानातल्या पाकिटाशी याची बरोबरीच नाही. फक्त लोणी तेलाच्या जागी घालू नका, दाणे फुटायला १८० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि लोणी त्याच्या आधीच करपतं. तूप चालतं, मस्त लागतं. खोबरेल घालायचं तर रिफाइंड, घाण्याचं ताजं तेल त्या उष्णतेला धुरावतं.

चिपळूणवाला
माझ्याकडे हवेचं मशीन आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. मशीन वाईट नाही, ज्यांना डॉक्टरांनी तेल पूर्ण बंद सांगितलंय त्यांच्यासाठी तर चांगलंच. दोन-तीन मिनिटांत होतं, करपत नाही, भांडं घासायला नाही. पण घ्यायच्या आधी हे बघा. बहुतेक मशीनं १२०० वॅटच्या आसपास असतात, घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालत नाहीत, म्हणजे लाईट गेली की मशीन शोभेचं. व्होल्टेज पडलं की हवा पुरेशी तापत नाही, दाणे नुसते गरगर फिरत सुकत राहतात आणि गणंग वाढतात. तुम्ही जे पावसाळ्याचं सांगताय त्यात हे अजून त्रास देईल. एका वेळी थोडेच होतात, दुसऱ्या घाण्याआधी मशीन थंड करावं लागतं. आणि तेल, तूप, मसाला मशीनच्या आत कधीच घालायचा नाही.

कोरड्या पॉपकॉर्नला मीठ चिकटत नाही, सगळं तळाशी जातं. त्यावर मी लिंबाच्या पाण्याचा हलका फवारा मारतो.

मालवणी_रांदप
चिपळूणवाले, लिंबाचं पाणी नको हो, जून-जुलैत दोन मिनिटांत चामट होतात. कोकमाचं आगळ पण शिंपडू नका कोणी. फवाराच मारायचा तर तेलाचा मारा. नाहीतर मीठ मिक्सरला पिठासारखं बारीक करा, कमी मिठात तीच चव लागते, बीपीवाल्यांसाठी हाच मोठा उपाय आहे.

किराणा_देवगड
मुख्य गोष्ट राहिली, दाणे. आमच्या दुकानात सुटे दाणे जातात म्हणून सांगतो. आधी खात्री करा की तो पॉपकॉर्नचाच मका आहे. तो वेगळा, टणक सालीचा. साध्या मक्याचे किंवा स्वीट कॉर्नचे दाणे वाळवून कितीही भाजा, तसे फुलणार नाहीत.

पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा लागतो. तापल्यावर त्याच पाण्याची वाफ होते, सालीच्या आत कोंडते आणि दाब सहन होईनासा झाला की साल फुटते. ओलावा कमी असेल तर वाफ पुरत नाही, गणंग. जास्त असेल तर फुटतो पण पूर्ण उमलत नाही, बारका आणि चिवट, तुमचं पावसाळ्याचं नेमकं हेच. साल चिरलेली असेल तर वाफ आधीच निसटते. म्हणून पिशवीच्या तळाचे फुटके दाणे निवडून टाका.

आपल्याकडे सगळं सादळतं, त्यामुळे दाणे आणल्या आणल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायचे. पिशवीला रबर लावून फळीवर ठेवलेत तर पावसात ओलावा धरणारच. आणि मे महिन्यात पापड-कुरडयांबरोबर हे दाणे उन्हात घालू नका, ते सुकून निकामी होतात. फ्रीजपण नको, तिथली हवा कोरडी. पावसाळ्याआधी वर्षभराचे भरून ठेवू नका, महिन्यापुरते घ्या. जास्तच सुकलेले असतील तर बरणीत अर्धा किलोला एक चमचा पाणी घालून हलवा आणि दोन-तीन दिवस बंद ठेवा, मधे मधे हलवत राहा. पैसे मशीनपेक्षा बरणीत घाला.

रत्नांग्री_आई
मायक्रोवेव्ह असेल तर वेगळं काही घ्यायची गरज नाही, काचेच्या खोल बाऊलमध्ये पाव वाटी दाणे, थेंबभर तेल चोळून, वर काचेची थाळी. बाहेर काढताना थाळी लांबूनच उचला, वाफ जोरात येते. वर्तमानपत्राची पुडी आत घालू नका, शाई खाण्यात जाते, वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, एफएसएसएआयनेही सांगितलंय. आणि ताई, मुलं किती मोठी आहेत? चार वर्षांच्या आतल्यांना पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात. आमच्या इथल्या डॉक्टरांनी हे फार कळकळीने सांगितलं होतं.

गुहागरची_सून
सगळ्यांचे खूप आभार, मुलं मोठी आहेत, सातवीत आणि चौथीत. बरणीचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी खरंच रबर लावूनच ठेवते! मशीन आता नको. घरात नॉनस्टिक कढई आहे आणि सासूबाईंची जुनी बिडाची, कोणती घेऊ? आणि कुकर चालेल का? सासऱ्यांना किती द्यायचे?

मालवणी_रांदप
बिडाची, डोळे झाकून. एकदा तापली की उष्णता धरून ठेवते. फक्त आपल्या खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो, धुतली की लगेच पुसून, गॅसवर कोरडी करून तेलाचा हात फिरवून ठेवा. नॉनस्टिक नको, रिकामी किंवा जेमतेम तेलावर फार तापली की तिचा थर खराब होतो. कुकरचं भांडं वापरा पण त्याचं झाकण लावू नका, वर साधी ताटली ठेवा, दाणा वाफेच्या भोकात अडकला तर पंचाईत.

सासऱ्यांना साखर आहे तर मका म्हणजे शेवटी धान्यच, हे लक्षात ठेवून. वाडगाभर द्या, साधारण तीन कप फुललेले, त्यात तेल सोडून नव्वदेक कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम तंतू येतात. पोट भरल्यासारखं वाटतं. त्यांची साखर कशी वागते ते डॉक्टरांना विचारूनच रोजचं ठरवा.

चिपळूणवाला
लिंबाचं मान्य, सोडतो. चवीसाठी मेतकूट घालून बघा, गरम असतानाच वरून भुरभुरायचं, तुपावर केलेले असतील तर अप्रतिम. आमच्याकडे पोरं आता मेतकुटाशिवाय खात नाहीत.

गुहागरची_सून
मेतकूट आहे घरात! मालवणी मसाला पण चालेल ना?

मालवणी_रांदप
चालेल, पण चाळून घ्या आणि गॅस बंद केल्यावरच घाला, आधी तेलात घातलात तर करपून ठसका लागतो सगळ्या घराला. त्यात मीठ घातलेलं असेल तर वेगळं मीठ नको. आणि झाले की लगेच खायचे. उरलेच तर गार झाल्यावर डब्यात, गरम डब्यात भरले तर वाफेने मऊ पडतात.