टर्मिनलमधूनच कॅलेंडर आणि कामांची यादी, कोण काय वापरतं?

अर्धवट_कमांड:
माझं दिवसभर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडंच असतं पण मीटिंग बघायला ब्राउझर उघडला की अर्धा तास कुठे जातो कळत नाही, म्हणून कॅलेंडर आणि टूडू दोन्ही कमांड लाईनवर आणायचंय. टास्कवॉरिअर टाकलंय, कामांसाठी ठीक आहे, पण "दुसरा शनिवार, बँक बंद" हे त्यात कसं बसवायचं? आणि बायकोला तिच्या फोनवर दिसायला हवं, नाहीतर गॅस बुकिंगवरून बोलणी मलाच बसतात.

पाटावरवंटा:
टास्कवॉरिअरमधे तारखा कोंबू नकोस रे, मी कोंबल्या होत्या. रिकरिंग टास्क मागचा झाला नसला तरी पुढचा येऊन बसतो, शेवटी स्क्रीनभर नुसत्या ओव्हरड्यू ओळी. तारखांसाठी रिमाइंड घे, सगळं एका साध्या टेक्स्ट फाईलीत. दुसरा शनिवार म्हणजे ८ तारखेला किंवा तिच्यानंतर येणारा पहिला शनिवार, म्हणून ओळीत नुसतं 'सॅट ८' (अर्थात इंग्रजीत), चौथ्यासाठी 'सॅट २२'. पुढे अधिक चिन्ह लावून ३ लिहिलं की तीन दिवस आधीपासून आठवण सुरू. बॅशआरसी फाईलीत रिमाइंडची कमांड टाकून ठेव, टर्मिनल उघडलं की आजचं समोर.

डॉटफाईल_काका:
फोनवर हवं असेल तर एकटं रिमाइंड पुरणार नाही. खाल (टर्मिनलवरचं कॅलेंडर) आणि व्हीडिरसिंकर ही जोडी बघ. प्रत्येक इव्हेंट म्हणजे फोल्डरमधली एक आयसीएस (कॅलेंडरची) फाईल, आणि व्हीडिरसिंकर ते फोल्डर कॅलडॅव्ह (कॅलेंडर सिंक करायची पद्धत) सर्व्हरशी जुळवतो. मी घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर रॅडिकाले हा तसा सर्व्हर चालवतो, अँड्रॉइडवर सिंकसाठी डेव्हएक्सफाइव्ह ॲप. कामांसाठी टूडूमॅन, तोही तशाच फाईली वाचतो. फक्त सिंक आपोआप होत नाही हां, क्रॉनमधे (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारा) टाकावं लागतं. मी टाकलं नव्हतं, लॅपटॉपवर पाहुण्यांचं जेवण लिहिलेलं आणि घरी कुणाला पत्ताच नाही.

पाटावरवंटा:
आणि टास्कवॉरिअर ठेवणार असशील तर व्हर्जन बघ. २०२४ च्या ३.० पासून डेटा एसक्यूलाइट डेटाबेसमधे जातो, जुन्या टेक्स्ट फाईली एकदा इम्पोर्ट कराव्या लागतात. आधी बॅकअप.

अर्धवट_कमांड:
भारी. आई विचारतेय संकष्टी पण येईल का त्यात 😅

डॉटफाईल_काका:
"दर महिन्याला" लावून नाही येणार, तिथी आहे ती. रिमाइंड चंद्राच्या कला काढतो, पौर्णिमा कधी ते साधारण कळतं, पण संकष्टी ठरते चंद्रोदयाला चतुर्थी आहे का त्यावरून, ते गणित कोण करत बसणार. जानेवारीत पंचांग बघून १२ ओळी हाताने टाकायच्या, काही वर्षी १३. मंगळवारी येणाऱ्या ओळीत तिथल्या तिथे अंगारकी लिहून ठेव.

अर्धवट_कमांड:
'सॅट ८' चाललं! रॅडिकालेचं रविवारी बघतो. भिंतीवरचं कालनिर्णय मात्र आई काढू देत नाहीये, दुधाचा हिशोब त्याच्यावर आहे म्हणे.